रण आणि प्रवाळ : विद्यार्थ्यांच्या दोन सहली



सहल हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें ? पहांटेची धांदल, पुरीभाजीचे डबे, गाडींत म्हटलेलीं गाणीं, एखादें देऊळ किंवा धरण, आणि सायंकाळीं थकूनभागून घरीं परत. या सहलीला मी नांवें ठेवीत नाहीं. मुलांनीं घराबाहेर पडून हसावें-बागडावें यांत कांहींच वावगें नाहीं. परंतु आज ज्या सहलीविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें ती थोडी निराळी आहे. तींत विद्यार्थ्याच्या हातीं वही, पेन्सिल, दोरी आणि तापमापक असतो. आणि परत येतांना त्याच्या वहींत असें कांहींतरी असतें, कीं जें त्यानें स्वतः मोजलेलें आहे.

सजीव आणि त्यांचें भोंवताल यांचा संबंध पाहणारें जें शास्त्र, त्याला आपण परिस्थितिविज्ञान म्हणतों. १८६६ सालीं अर्न्स्ट हेकेल या जर्मन पंडितानें त्याला जें नांव दिलें तें घर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेलें आहे. नांव मोठें मार्मिक आहे. घरांत कोण कोण राहतें, कोणाचें कोणावांचून अडतें, अन्न कोठून येतें, उष्टें कोठें जातें, हेंच या शास्त्राचे प्रश्न. आणि कोणाचेंहि घर समजून घ्यावयाचें, तर त्या घरीं गेलें पाहिजे. दिवाणखान्याचें चित्र पाहून भागत नाहीं.

मग जावें कोठें ? माझें उत्तर ऐकून आपणांस कदाचित् नवल वाटेल. शक्य असेल तर विद्यार्थ्यांस प्रथम वाळवंटांत न्यावें आणि नंतर प्रवाळांच्या खडकांवर न्यावें. दाट अरण्यांत शेंकडों कारणें एकमेकांत गुंतलेलीं असतात. नवशिक्याला कोणतें कारण कोणत्या कार्याचें हें उमगत नाहीं. वाळवंटांत एकच कारण सर्वांवर सत्ता गाजवितें. तें म्हणजे पाण्याची वाण. ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या प्रवाळांवरहि तसाच एक हुकूम चालतो, तो भरती-ओहोटीचा. जेथें सत्ता एकाची, तेथें न्याय लवकर समजतो.

सुदैवानें हीं दोन्ही घरें शेजारीं शेजारीं असलेला एक मुलूख आपल्या देशांत आहे. तो म्हणजे कच्छचें रण आणि कच्छचें आखात. कर्कवृत्त कच्छमधून जातें. एका बाजूस मिठानें पांढरी झालेली सपाट भूमि, दुसऱ्या बाजूस बेचाळीस बेटें आणि त्यांतील कित्येकांभोंवतीं प्रवाळांची कडीं. मध्यें कांहीं तासांचा प्रवास. याच आखातांत जामनगरच्या किनाऱ्यालगत १९८२ सालीं भारतांतील पहिलें सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झालें. आपण आतां मनानेंच या दोन ठिकाणीं जाऊन येऊं.

प्रथम रण. रण म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश, अशी पुष्कळांची समजूत असते. राजस्थानांतील थर वाळूचें आहे; कच्छचें रण खाऱ्या चिखलाचें आहे. एके काळीं येथें समुद्राचा उथळ फांटा होता. नद्यांनीं आणलेला गाळ सांचत गेला, भूकंपांनीं जमीन खालींवर होत गेली, आणि समुद्र मागें हटला. ही घडामोड फार पुरातन असें समजूं नका. १८१९ च्या जून महिन्यांतील भूकंपांत मोठ्या रणाच्या वायव्य भागांत अनेक कोस लांबीचा एक बांध भूमींतून वर उचलला गेला. लोकांनीं त्याला अल्लाबंद म्हटलें. त्याच वेळीं दक्षिणेकडची जमीन खचून सिंद्रीचा किल्ला पाण्यांत गेला. विद्यार्थी ज्या भूमीवर उभा असतो ती अजून घडते आहे, ही पहिली गोष्ट त्याला येथें कळते.

हिंवाळ्यांत लहान रणांत गेलें, तर भेगाळलेल्या जमिनीवर मिठाची पातळ खपली दिसते. येथें शिक्षकानें व्याख्यान देऊं नये. मुलांना तापमापक द्यावे आणि तीन ठिकाणीं मोजावयास सांगावें : जमिनीला लागून, छातीच्या उंचीवर, आणि हातभर खोल खड्ड्यांत. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं आंकडे मांडून पाहिले, कीं जमिनीच्या पृष्ठभागाचा आंकडा वेड्यासारखा वरखालीं नाचलेला दिसतो, आणि खड्ड्यांतला जवळजवळ जागचा हललेला नसतो. मग एखादा विद्यार्थी आपण होऊन विचारतो, ‘‘म्हणूनच का येथले उंदीर बिळांत राहतात ?’’ हा प्रश्न पुस्तकांतून आला असता तर उत्तराबरोबर विसरला गेला असता.

दुसरी कसोटी दोरीची. रणांत मधून मधून जमीन किंचित् उंचावलेली असते. तेथील लोक तिला बेट म्हणतात, कारण पावसाळ्यांत भोंवतालचें रण पाण्याखालीं गेलें म्हणजे ती खरोखरच बेट होते. रणांतून बेटाच्या माथ्यापर्यंत दोरी ताणावी, आणि दर मीटरला काय उगवलें आहे तें लिहावें. पहिल्या कांहीं मीटरांत कांहींच नाहीं. मग मांसल, खारट पानांचीं खुजीं झुडपें येतात. हीं आपल्या पानांत पाणी सांठवितात आणि मीठ सहन करतात. त्याहून वर गवत, आणि माथ्याकडे पिलूचीं व बाभळींचीं झाडें. चढ इतका अल्प कीं चालतांना पायांना कळत नाहीं; पण वनस्पतींना तो कळलेला असतो. हातभर उंची म्हणजे कमी मीठ, कमी मीठ म्हणजे वेगळी वनस्पति, आणि वेगळी वनस्पति म्हणजे वेगळा प्राणी. परिस्थितिविज्ञानाचें निम्मेंअधिक सार या एका दोरीवर वाळत घातलेलें दिसतें.

येथील प्राण्यांचा मुकुटमणि म्हणजे रानगाढव. स्थानिक लोक त्याला घुडखर म्हणतात. रोगराईनें हा प्राणी नामशेष होण्याच्या बेतांत आला होता. १९६९ च्या गणनेंत अवघे ३६२ उरलेले आढळले. पुढें संरक्षण मिळालें आणि २०२४ च्या गणनेंत ही संख्या ७,६७२ भरली. ही आनंदाची वार्ता आहे खरी. परंतु विद्यार्थ्यानें तेवढ्यावर समाधान मानूं नये. त्याला रानगाढवाची वाळलेली लीद काडीनें फोडून पाहावयास सांगावें. तींत बहुधा वेड्या बाभळीच्या बिया सांपडतात. हें मूळचें अमेरिकेंतील झाड. रणाचा खारटपणा पसरूं नये म्हणून येथें आणून लावलेलें. शेंगा गोड, म्हणून जनावरें त्या खातात. बिया पोटांतून शाबूत बाहेर पडतात. आणि जेथें लीद पडते तेथें झाड उगवतें. अशा रीतीनें तें गवताच्या जागा गिळीत चाललें आहे, आणि त्याच गवतावर जनावरांची गुजराण आहे. ज्याला आपण वांचविलें, तोच आपल्या कुरणाच्या शत्रूचें बी पेरीत हिंडतो ! येथें दोषी कोण, हें ठरवितां येत नाहीं. सद्‌हेतूनें केलेल्या एका कृतीचे परिणाम किती दूरवर जातात, हें मात्र मुलांना एका काडीच्या टोकावर दिसतें.

आणि या घरांत माणूसहि राहतो. पावसाळा सरला, कीं अगरिया कुटुंबें रणांत उतरतात, विहिरी खणून समुद्रापेक्षांहि खारट पाणी वर काढतात, आणि उन्हाळ्यापर्यंत मिठागरांवर राबतात. आपल्या पानांतील मीठ कोठून येतें, हें पाहिल्याशिवाय रणाची सहल पुरी झाली असें मी मानीत नाहीं. मात्र त्यांच्या झोंपडीपाशीं मुलांनीं पाहुण्यासारखें जावें. तेथें पिण्याचें पाणी टांकीनें येतें. त्यांच्याकडे पाणी मागूं नये, आपलें आपण न्यावें. एवढी गोष्ट ज्याला समजली, त्याला वाळवंट समजलें.

आतां रणाकडून समुद्राकडे वळूं. मध्यें एक दुवा आहे, तो सांगितल्याखेरीज पुढें जाववत नाहीं. पावसाळ्यांत आखाताचें पाणी लहान रणांत शिरतें आणि नद्यांच्या गोड्या पाण्याशीं मिसळतें. त्या मचूळ पाण्याबरोबर कोळंबीचीं इवलालीं पिलें आंत येतात, तेथील उथळ पाण्यांत वाढतात, आणि पुन्हां समुद्राकडे निघतात. तेव्हां सुरजबारीच्या परिसरांतले कोळी त्यांना जाळ्यांत धरतात. म्हणजे ज्या भूमीवर पौषांत रानगाढव धांवतें, त्याच भूमीवर श्रावणांत कोळंबी पोहते ! रण आणि समुद्र हीं दोन घरें नसून एकाच वाड्याचे दोन चौक आहेत, असें मला तरी वाटतें. त्या वाड्याचा एक विलक्षण रहिवासी म्हणजे खाराई उंट. उंट वाळवंटाचा, पण कच्छमधील ही जात भरतीच्या पाण्यांतून पोहत जाऊन तिवरांचा पाला खाते. २०१५ सालीं तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

या तिवरांपाशीं थोडें थांबावें. मुलांना पानाची खालची बाजू जिभेस लावून पाहूं द्यावी. ती खारट लागते, कारण हें झाड मुळांवाटे आलेलें जादा मीठ पानांतून बाहेर टाकतें. चिखलांतून वर आलेलीं पेन्सिलीसारखीं मुळें दाखवावीं. त्यांतून झाड श्वास घेतें. याच मुळांच्या जाळ्यांत गाळ अडतो. गाळ अडला नाहीं तर तो पुढें जाऊन प्रवाळांवर बसतो, आणि प्रवाळ गुदमरतात. तिवर तोडणाऱ्यानें प्रवाळाला हातहि लावलेला नसतो. तरी त्याची हानि होतेच.

प्रवाळांची सहल घड्याळावर नव्हे, पंचांगावर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें. भरती खूप चढते आणि ओहोटीहि तितकीच उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हां पाणी फारसें हलत नाहीं. म्हणून सहल उधाणाच्या दिवसांत नेमावी. कच्छच्या आखाताच्या मुखाशीं उधाणाच्या वेळीं पाणी सुमारें चार मीटर चढतें-उतरतें, आणि आंत नवलखीपाशीं सात मीटरांहून अधिक. किनारा सपाट असल्यामुळें ओहोटीच्या वेळीं समुद्र दूरवर मागें हटतो, आणि नराऱ्यासारख्या ठिकाणीं मनुष्य होडीवांचून, पायीं चालत प्रवाळांपर्यंत पोंचतो. भारतांत इतरत्र हें भाग्य सहसा लाभत नाहीं.

तेथें गेल्यावर मुलांना पहिला धक्का बसतो तो असा, कीं प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पति नव्हे, तो प्राणी आहे. एकेक जीव लहानसा, मुखाभोंवतीं स्पर्शकांचें कडें असलेला. तो आपल्याखालीं चुनखडीची बैठक रचतो. असे असंख्य जीव एकमेकांस चिकटून पिढ्यान्‌पिढ्या बांधीत गेले, कीं खडक तयार होतो. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतील मोठा वांटा यजमानाला देतें. यजमान त्याला आश्रय देतो. प्रवाळाचा रंग बहुतांशीं या पाहुण्याचाच असतो.

कच्छमधील प्रवाळ लक्षद्वीप किंवा अंदमान येथील प्रवाळांइतके देखणे नाहींत. नाजूक फांद्यांच्या जाती येथें जवळजवळ दिसत नाहींत. बहुतेक प्रवाळ गोल, घट्ट, मेंदूसारख्या वळ्यांचे आहेत. कांहीं मुलांची यानें निराशा होते. पण शिक्षकानें येथेंच विचारावें, ‘‘असें कां ?’’ पाणी गढूळ, हिंवाळ्यांत गार आणि उन्हाळ्यांत तापणारें, खारटपणा अधिक, आणि ओहोटीच्या वेळीं कांहीं तास डोक्यावर ऊन. इतकें सोसून जे उरले तेच हे. रणांतील खुज्या झुडपाची आणि या मेंदूसारख्या प्रवाळाची कहाणी एकच आहे. ज्या विद्यार्थ्यानें दोन दिवसांपूर्वीं रणांत दोरी ताणली होती, तो ही जोडणी स्वतः करतो. ती त्याच्यासाठीं आपण करूं नये.

येथेंहि तीच दोरी, आणि सोबत एक मीटर लांबरुंद लांकडी चौकट. चौकटीच्या आंत काय काय आहे तें मोजावें : समुद्रपुष्पें, खेंकडे, समुद्रकाकडी, तारामासे, एखाद्या डबक्यांत रंग बदलणारा अष्टपाद. किनाऱ्यापासून समुद्राकडे जातांना यादी कशी बदलते तें पाहावें. पण सर्व वेळ एका शिक्षकानें दुसरें कांहींहि न करतां घड्याळाकडे आणि पाण्याकडे पाहावें. सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून चालून येत नाहीं. तें आधीं मागच्या खोलगट ओढ्यांतून शिरतें, आणि परतीची वाट अडवितें. म्हणून ओहोटी पुरती संपण्याच्या सुमारासच तोंड किनाऱ्याकडे वळवावें. कितीहि सुंदर जीव सांपडला तरी या नियमास अपवाद करूं नये.

आतां एक गोष्ट सांगतों, जी सांगतांना आजहि मला संकोच वाटतो. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी विद्यार्थ्यांचा एक गट घेऊन अशाच खडकाळ किनाऱ्यावर गेलों होतों. उत्साहाच्या भरांत मीं मुलांना म्हटलें, ‘‘दगड उलटून पाहा, खरें जग दगडाखालीं आहे.’’ मुलांनीं उलटले. खालीं रंगीत स्पंज, नाजूक अंडीं, चपटे किडे. मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. दगड पूर्ववत् ठेवा, हें सांगावयास मात्र मी विसरलों. दुसऱ्या दिवशीं ओहोटीस आम्ही त्याच जागीं गेलों. सांवलींत वाढलेले ते जीव उन्हांत वाळून पांढरे पडले होते, आणि वरच्या बाजूचें शेवाळ दगडाखालीं चिरडलें होतें. वर्गांत कधीं तोंड न उघडणारी एक मुलगी शांतपणें दगडामागून दगड पाहत गेली, आणि वहींत लिहीत गेली. शेवटीं तिनें मला वही दाखविली. शीर्षक होतें, ‘‘काल आम्हीं मारलेले.’’ माझ्यापाशीं बोलावयास शब्द नव्हते. त्या दिवसापासून दगड उलटणाऱ्यानेंच तो होता तसा परत ठेवावा, आणि ठेवल्यावर वहींत खूण करावी, असा नियम मीं केला.

यावरून कोणी म्हणेल, मग नेतांच कशाला ? शंभर मुलांचीं दोनशें पावलें प्रवाळांवर पडण्यापेक्षां तीं वर्गांत बसलेलीं काय वाईट ? हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. पायाखालीं चिरडलेला प्रवाळ भरून यावयास वर्षानुवर्षें लागतात. शंभर मुलांचा तांडा प्रवाळांवर नेणें ही चूकच आहे. दहा-बारांचा गट असावा, वनखात्याची परवानगी असावी, सोबत जाणता मार्गदर्शक असावा. पाऊल वाळूवर किंवा मृत खडकावर पडावें, जिवंत प्रवाळावर कदापि नाहीं. शंखाला हात लावूं नये. कांहीं शंखांचा दंश प्राणघातक असतो. आणि कांहींहि घरीं आणूं नये. २००१ पासून प्रवाळांना कायद्याचें सर्वोच्च संरक्षण आहे. मेलेला तुकडा उचलणें हाहि गुन्हाच आहे.

परंतु इतकें सांभाळून गेलेंच पाहिजे, असें माझें मत आहे. कारण प्रवाळांवरचें खरें संकट मुलांच्या पावलांचें नाहीं. एके काळीं याच आखातांतून सिमेंटसाठीं प्रवाळांची चुनखडी उपसली जात होती. आणि आतां समुद्रच तापूं लागला आहे. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल तापमानाहून पाणी एखादा अंशच अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर प्रवाळ आपल्या अंगांतील शेवाळ बाहेर टाकतो, रंगहीन होतो, आणि उष्मा टिकला तर उपासानें मरतो. १९९८ सालीं जगभर असें घडलें, आणि लक्षद्वीप-अंदमानचे प्रवाळ त्यांत होरपळले. २०२४ सालीं चौथें जागतिक संकट शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. हीं अक्षरें वर्तमानपत्रांत वाचून माणूस पान उलटतो. ज्यानें जिवंत प्रवाळ एकदां डोळ्यांनीं पाहिला आहे, त्याला मात्र तें पान इतक्या सहज उलटवत नाहीं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं, परिसराचें शिक्षण सर्व शाळा-महाविद्यालयांतून सक्तीचें असावें, असा निर्णय दिला. विषय आला, पुस्तकें आलीं, परीक्षा आल्या. पण घराविषयींचें हें शास्त्र घराबाहेर न पडतांच शिकविलें जाऊं लागलें, ही खंत आहे.

शेवटीं शिक्षकबंधुभगिनींस एक विनंति. कच्छपर्यंत जाणें सर्वांना परवडणारें नाहीं, हें मी जाणतों. आपल्या महाराष्ट्रांत मालवणला सिंधुदुर्गाच्या परिसरांत प्रवाळ आहेत. १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य झालें. कोंकणच्या प्रत्येक खाडीस तिवरें आहेत. देशावर पर्जन्यछायेंतील माळरानें आहेत, आणि तेथेंहि पाण्याचीच सत्ता चालते. अगदीं जवळचा माळ किंवा खडकाळ किनारा निवडा. पण दरवर्षीं त्याच जागीं, त्याच महिन्यांत जा, आणि त्याच दोरीनें मोजा. एका वर्षाची वही ही नुसती वही असते. दहा वर्षांच्या दहा वह्या एकत्र ठेवल्या, कीं ती त्या जागेची बखर होते. पुढें कोणी त्या जागेवर गाळ लोटावयास किंवा तिवरें तोडावयास आला, तर तेथें काय होतें हें सांगणारा लेखी पुरावा गांवांतल्या मुलांच्या हस्ताक्षरांत तयार असेल.

त्या मुलीच्या वहींतलें शीर्षक मीं आपणांस सांगितलेंच. आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांना त्याहून चांगलें शीर्षक लाभो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपला निरोप घेतों.